९३ टक्क्यांवर अडकलेली फाइल

लग्न होऊन दोन महिने झालेले असतात आणि फोटोग्राफर एकदाची व्हिडिओची लिंक पाठवतो. फाइल आठ जीबीची. धरमतर पुलाच्या अलीकडे वडखळला म्हणा किंवा पलीकडे पोयनाडला म्हणा, घरातलं कुणीतरी रात्रीची जेवणं उरकल्यावर ती डाउनलोडला लावतं. पट्टी सरकत सरकत ९३ टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच बसते. वेग शून्य. बऱ्याच वेळाने 'नेटवर्क एरर'. पुन्हा पहिल्यापासून लावावं, तर या खेपेला ६१ टक्क्यांवर तेच. मग घरात निदान सुरू होतं: नेट स्लो आहे, प्लॅन वाढवा, कंपनी बदला. गंमत म्हणजे त्याच वेळात, त्याच वायफायवर, बाजूच्या खोलीत दोन तासांचा सिनेमा एकदाही न अडखळता संपलेला असतो.

सिनेमाचाही डेटा काही जीबींचाच असतो. मग तो कसा निभावला?

सिनेमा एका फाइलीसारखा येतच नाही. काही सेकंदांचा एक तुकडा, अशा शेकडो तुकड्यांत तो कापून ठेवलेला असतो आणि अ‍ॅप एकेक तुकडा स्वतंत्रपणे मागवतं. पडद्यावर जे चाललंय त्याच्या पुढचा थोडा भाग आधीच आणून ठेवलेला असतो. मध्येच दहा सेकंद नेट गेलं तरी साठ्यातलं चालू राहतं, आणि फसलेला तुकडा अ‍ॅप गुपचूप पुन्हा मागवतं. म्हणजे त्या रात्री नेट दोन्ही खोल्यांत तुटलं होतं. एका खोलीत ते दिसलं, दुसऱ्या खोलीत दिसलं नाही. आठ जीबीची फाइल मात्र एकाच मागणीवर, एकाच कनेक्शनवर येत असते. १० एमबीपीएसच्या वेगाने तिला पावणेदोन तास लागतात आणि तेवढा सगळा वेळ ते एक कनेक्शन जिवंत राहावं लागतं. वेगाचा संबंध आहे तो एवढाच, की ४० एमबीपीएस मिळाले तर हेच काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं आणि तुटायला वेळ कमी मिळतो. तुटण्याचं कारण वेगळंच असतं. दहा-पंधरा सेकंदांची स्पीड टेस्ट या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे, असं माझं मत आहे.

मोठं जहाज खाडीत येत नाही

डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल धरमतरला कसा येतो, हे या भागात कुणाला सांगायला नको. मोठ्या जहाजाला खाडीत पुरेसं पाणी नाही. ते बाहेर खोल समुद्रात थांबतं, माल बार्जमध्ये उतरवला जातो, आणि भरती बघून बार्ज आंबा नदीच्या मुखातून जेट्टीला लागतात. एक जहाज रिकामं व्हायला बार्जच्या कितीतरी खेपा होतात.

इंटरनेटवर आठ जीबीची फाइलही अशीच येते. तिचे छोटे छोटे तुकडे पाडले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये सहसा १,४६० बाइट माल मावतो. हिशेब केला तर लग्नाच्या व्हिडिओची साधारण ५५ लाख पॅकेटं होतात. प्रत्येक खेपेवर क्रमांक असतो. आपला संगणक जेट्टीवरच्या कारकुनासारखा पावती देतो: अमुक क्रमांकापर्यंत सगळं पोचलं. पावती मिळेपर्यंत पाठवणारा त्या खेपेची प्रत जपून ठेवतो. पावती आली नाही तर तीच खेप पुन्हा धाडतो. उलटसुलट क्रमाने आलेला माल जेट्टीवर क्रमाने लावला जातो. या नियमावलीचं नाव टीसीपी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी तिचा आराखडा १९७४ मध्ये मांडला. सप्टेंबर १९८१ मध्ये ती ज्या दस्तऐवजात पक्की झाली, त्यातली मूळ चौकट आजही तशीच आहे.

त्यात पुढे एक महत्त्वाची भर पडली, तीही एका फजितीनंतर. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली इथली एक प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोघांमधलं अंतर चारशे यार्ड. झालं होतं असं, की गर्दीमुळे पावत्यांना उशीर होई, पाठवणारे संगणक घाईने तीच पॅकेटं पुन्हा सोडत, त्यामुळे गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: खेप हरवली की पुढे गर्दी आहे असं समजा आणि वेग उतरवा, पुन्हा हरवली तर आणखी थांबा, दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करा.

या शहाणपणानेच इंटरनेट तगलं. पण घरच्या वायफायवर ते आपल्याला जाचतं. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे राउटर असेल, तर पॅकेटं गर्दीमुळे नव्हे, सिग्नल क्षीण असल्यामुळे हरवतात. पाठवणाऱ्याला हा फरक कळत नाही. तो गर्दी समजून वेग उतरवत जातो, थांबण्याचा वेळ दुप्पट-चौपट करत जातो आणि शेवटी नाद सोडतो.

वाट पाहणाऱ्याला पत्ता नसतो

पट्टी ९३ वर 'बसते', लगेच एरर का येत नाही? यातच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे.

'कनेक्शन' म्हणून तारेत काही असं नसतंच. दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्या आठवणीत ठेवलेली ती एक नोंद असते: माझा पत्ता, माझं दार, तुझा पत्ता, तुझं दार, आणि आजवर पोचलेल्या मालाचा क्रमांक. दार म्हणजे पोर्ट नावाचा एक आकडा. दोन्हीकडे नोंद शाबूत असेल तर मधली तार मिनिटभर तुटून जोडली गेली तरी काम पुढे चालू राहतं. उलट तार ठणठणीत असून एका टोकाची नोंद पुसली गेली, तर कनेक्शन मेलं.

आता डाउनलोड करणारा संगणक काय करत असतो? फक्त पावत्या देतो. माल आला नाही तर पावती द्यायचा प्रश्नच नाही. समोरचा सर्व्हर संपावर गेला काय किंवा मधली वाट बंद झाली काय, जेट्टीवरच्या कारकुनाला दोन्ही सारखंच दिसतं: बार्ज येत नाहीये. तो बसून राहतो. 'आहात ना?' असं विचारण्याची सोय टीसीपीत आहे, पण १९८९ च्या नियमांनुसार ती मुळात बंद ठेवायची असते, आणि चालू केली तरी पहिली विचारणा किमान दोन तासांच्या शांततेनंतर. पाठवणाऱ्याकडे निदान घड्याळ असतं. लिनक्सवर चालणारा सर्व्हर, कुणी मांडणी बदलली नसेल तर, थांबण्याचा वेळ वाढवत पंधरा वेळा प्रयत्न करतो आणि साधारण पंधरा मिनिटांनी गाशा गुंडाळतो. बरेच सर्व्हर त्याआधीच, एखाद्या मिनिटात, ग्राहक गेला असं समजतात. आपल्या पडद्यावर मात्र पट्टी तशीच.

मधल्या नोंदवह्या

नोंद फक्त दोन टोकांकडे असती तर बरं झालं असतं. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आला. म्हणून घरातले पाच-सहा फोन आणि लॅपटॉप राउटरच्या एकाच पत्त्यामागे असतात, आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे अशा अनेक घरांना मिळून पुन्हा एक पत्ता असू शकतो. बाहेरून आलेला माल नेमका कुणाचा, हे कळण्यासाठी या प्रत्येक थांब्यावर एक नोंदवही ठेवावी लागते. तिथली ओळ पुसली गेली की दोन्ही टोकं जागी असूनही पॅकेट दारातूनच परत फिरतं किंवा फेकलं जातं.

ती ओळ कधी पुसली जाते? बराच वेळ त्यावरून काहीच गेलं नाही तर. राउटर बंद होऊन चालू झाला तर. कंपनीने आपला पत्ता बदलला तर. आणि फोन हातात घेऊन अंगणाबाहेर पडलात, वायफाय सुटून मोबाइल डेटा लागला, तर आपला पत्ताच वेगळा होतो. जुनी नोंद कशाशीच जुळत नाही. पेण ते रोहा रेल्वेने जाताना टॉवर बदलतात, पण एकाच कंपनीच्या जाळ्यात पत्ता सहसा तोच राहतो, म्हणून तिथे डाउनलोड तगण्याची शक्यता त्यातल्या त्यात बरी. घराच्या फाटकाबाहेरची दहा पावलं जास्त घातक.

मे २०२१ मध्ये प्रमाण ठरलेल्या क्विक नावाच्या नव्या नियमावलीने या दुखण्यावर थेट बोट ठेवलंय. तिच्यात कनेक्शनची ओळख पत्त्यावर नसते, एका स्वतंत्र क्रमांकावर असते. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच, म्हणून काम पुढे चालू राहू शकतं. पण त्यासाठी सर्व्हर आणि ब्राउझर दोघांनीही ही सोय पाळायला हवी.

तुटण्याला वेळापत्रक असतं

तक्रार करताना आपण सांगतो, 'सारखं तुटतं.' त्यातून काही निष्पन्न होत नाही. किती जीबीवर तुटलं, किती वाजता तुटलं, आणि त्या क्षणी काय बदललं, हे तीन-चार वेळा कागदावर टिपलं तर बहुतेक गुन्हेगार आपोआप सापडतात.

दर वेळी नेमक्या त्याच आकड्यावर तुटत असेल तर नेटला दोष देऊ नका. चार जीबीला अडकणं हा त्याचा नामांकित नमुना. जुन्या एफएटी-३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा एक बाइटही जास्त जागा मिळत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा आणि रिकामा असला तरी नाही. काही प्रोग्राम याची नीट सूचना न देता 'डाउनलोड फेल' एवढंच म्हणतात. ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे हलवून तो एक्सफॅट पद्धतीने फॉर्मॅट केला की प्रश्न मिटतो.

दर वेळी सुरुवातीपासून ठरावीक वेळाने तुटत असेल, तर कुठेतरी घड्याळ लावलेलं आहे. लॅपटॉप झोपतोय का ते आधी बघा. फोनचा पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवायला अँड्रॉइड मागे चाललेल्या कामांना वेसण घालतं. फाइल देणारी लिंकसुद्धा अनेकदा ठरावीक मुदतीची असते.

आकडाही बदलता आणि वेळही बदलती, तर मात्र वाट तपासायला हवी. इथे आपल्याकडचा पहिला संशयित वीज. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात गेली, ते सगळ्यांना आठवतं. पण डाउनलोड मारायला तेवढं लागत नाही. पावसाळ्यात लाइट नुसती लपकते. पंखा फिरतच राहतो, लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. राउटर मात्र तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोन-तीन मिनिटं जातात आणि त्याची नोंदवही कोरी. राउटरच्या सेटिंगमध्ये 'अपटाइम' नावाचा आकडा असतो, तो चालू होऊन किती वेळ झाला हे सांगणारा. डाउनलोड तुटल्यावर तो 'चार मिनिटं' दाखवत असेल तर पुढचा तपास नको. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही तो जोडा. राउटर जागा आणि डबा झोपलेला, याचा उपयोग नाही.

दुसरा संशयित फायबर. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणातला पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा पेण, वडखळ, नागोठण्यावरूनच जातो, आणि खोदकाम म्हटलं की जेसीबीखाली केबल येणं ओघानेच आलं. (खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणलं.) पण तुटलेली केबल काही तास सगळंच बंद पाडते, त्यात कोडं काही नाही. कोड्यात टाकते ती खिडकीच्या चौकटीत घट्ट दुमडलेली काच-तार. तिच्यातून प्रकाश गळतो, डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश काठावर येतो, आणि जोडणी अधूनमधून सुटते. डब्यावरचा 'लॉस'चा लाल दिवा त्या वेळी लुकलुकतो. तंत्रज्ञ आला तर मीटर लावून प्रकाश मोजायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या आसपास आकडा असेल तर तो शेवटच्या सीमेवर आहे.

तिसरा संशयित खास खाडीकाठचा. फायबर न पोचलेल्या ठिकाणी छपरावर अँटेना लावून, समोरच्या काठावरच्या अँटेनावर रोखून नेट घेता येतं. अशी जोडणी पाण्यावरून जात असेल तर लहरी दोन वाटांनी येतात: एक सरळ, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. दुसरी किंचित लांब पडते. दोन्ही जुळून आल्या तर सिग्नल वाढतो, विरुद्ध आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. आता आकडे घालून बघू. दोन्ही अँटेना ओहोटीच्या पाण्यापासून २० मीटर उंच आणि मधलं अंतर ३ किलोमीटर धरलं, तर दोन वाटांमधला फरक सुमारे २७ सेंटीमीटर भरतो. भरतीने पाणी ४ मीटर चढलं की तोच फरक १७ सेंटीमीटरवर येतो. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटीमीटर. म्हणजे एका भरतीत सिग्नल दोनदा चढून दोनदा पडू शकतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अशी जोडणी असेल आणि तुटण्याची वेळही रोज तेवढीच सरकत असेल, तर कोळ्यांना पाठ असलेलं भरतीचं गणित नेटवाल्याला दाखवायला हरकत नाही. यावर उपाय अँटेनाची उंची बदलण्यात आहे. प्लॅन वाढवून हे सुटणारं नाही.

उरलं वायफाय. ते तपासायला पिंग हा साधा प्रोग्राम पुरतो. माइक मूस यांनी तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. दूरच्या संगणकाला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्याच राउटरला हाका चालू ठेवा (त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. डाउनलोड तुटताना दोन्हीकडची ओ बंद झाली तर दोष घरातल्या वायफायचा: लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, प्रश्न संपला. राउटर ओ देतोय आणि बाहेरचा गप्प, तर दोष पुढच्या वाटेवर. तारीख-वेळेसह ही नोंद समोर ठेवली की कंपनीला 'राउटर बंद करून चालू करा' एवढ्यावर तुमची बोळवण करता येत नाही.

चौकट: कुठे तुटलं त्यावरून काय समजावं

नेमक्या चार जीबीवर: पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड एफएटी-३२ आहे.
सुरुवातीपासून ठरावीक वेळाने: लॅपटॉप झोपतो, बॅटरी सेव्हर चालू आहे किंवा लिंकची मुदत संपते.
राउटरचा अपटाइम काही मिनिटांचाच: लाइट लपकली. राउटरला यूपीएस.
राउटरचीही ओ बंद: वायफाय. केबल लावून बघा.
राउटर ठीक, बाहेरचं बंद, लाल दिवा: फायबर.
घराबाहेर पडताच: वायफायवरून मोबाइल डेटावर उडी.

आलेलं ९३ टक्के वाया का घालवायचं?

कारण सापडेपर्यंतही फाइल मिळवता येते, आणि माझ्या मते बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी. जानेवारी १९९७ पासून वेबच्या नियमांत अर्धवट मागणीची अधिकृत सोय आहे. ब्राउझर सर्व्हरला म्हणू शकतो: बाइट क्रमांक ७,४४,००,००,००० पासून पुढचं द्या. सर्व्हरला ते मान्य असेल तर तो २०६ या उत्तर-क्रमांकाने उरलेलाच माल पाठवतो. मान्य नसेल तर २०० म्हणतो आणि पहिल्या बार्जपासून सुरुवात करतो. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली तर जुन्या धडाला नवं शेपूट जोडलं जाऊ नये, म्हणून फाइलसोबत एक ओळखखूणही दिलेली असते. ती जुळली तरच पुढचा भाग जोडला जातो. एफटीपीच्या १९८५ च्या नियमांतही तुटलेलं काम पुढे सुरू करण्याची आज्ञा होती. डायल-अपच्या दिवसांत कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की नेट तुटायचं, म्हणून त्या पिढीला डाउनलोड मॅनेजर हाताशी ठेवायची सवय होती. वेग वाढला आणि ती सवय सुटली.

म्हणून तुटल्यावर लिंकवर पुन्हा क्लिक करू नका. बऱ्याचदा त्याने नवीन डाउनलोड सुरू होतं. ब्राउझरच्या डाउनलोड यादीत जाऊन 'रिझ्युम' दाबा. पट्टी गोठली असेल तर 'पॉज' करून 'रिझ्युम' करा: मेलेलं कनेक्शन टाकून नवीन घेतलं जातं आणि पंधरा मिनिटांचं वाट पाहणं वाचतं. डब्ल्यूगेटसारखा प्रोग्राम वापरता येत असेल तर उत्तम. तो स्वतःहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि सांगितलं तर जिथे थांबलं तिथून पुढे नेतो.

एक पेच मात्र ओळखून ठेवावा. फोटोग्राफरने फाइल न देता अख्खं फोल्डर दिलं आणि तुम्ही 'सगळं डाउनलोड' दाबलं, तर बऱ्याच ठिकाणी सर्व्हर ते फोल्डर त्याच क्षणी झिप करत करत पाठवू लागतो. एकूण माल किती, हे तेव्हा त्यालाच ठाऊक नसतं. टक्केवारी दिसत नाही आणि मधूनच पुढचं मागताही येत नाही, कारण 'मधला' असा भाग अजून तयारच झालेला नसतो. अशा वेळी फोल्डर उघडून एकेक फाइल उतरवावी, किंवा फोटोग्राफरला एकेक जीबीचे भाग करून द्यायला सांगावं.

अर्धवट फाइल उघडत नाही म्हणून ती डिलीट करण्याची घाईही नको. झिपमधल्या मालाची यादी फाइलच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. एमपी-४ व्हिडिओतही कुठलं दृश्य कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटीच असते. त्यामुळे ९३ टक्के चित्रण हातात असूनही प्लेअरला एक सेकंदही दाखवता येत नाही. शेवटचे सात टक्के आले की सगळं एकदम उघडतं.

फाइल पूर्ण झाल्यावर ती निर्दोष आहे का, हे टीसीपीवर सोडू नये. त्याची चूक पकडण्याची बेरीज फक्त १६ बिटांची आहे. सॉफ्टवेअरच्या मोठ्या फाइलींसोबत ६४ अक्षरांची एसएचए-२५६ ही खूण दिलेली असते. विंडोजमधल्या सर्टयुटिलने आपल्या फाइलीची तीच खूण काढून ताडून बघता येते. लग्नाच्या व्हिडिओसोबत अशी खूण कुणी देत नाही. तिथे फाइलचा बाइटांतला आकार फोटोग्राफरकडच्या आकाराशी जुळवावा, मध्ये-शेवटी दोन-चार ठिकाणी चालवून बघावं, आणि तोवर त्याला मूळ फाइल पुसू नको म्हणून सांगावं.